परिशिष्ट ब

"काम काय करता?"

"काय न्हाय. घरीच अस्ते."

हे सांगताना हौसाबाई सकपाळच्या डोक्यावर दुधाची कॅन होती, हातात आणखी एक लहान कॅन होती आणि सकाळचे पावणेसात वाजले होते. कारंबळीच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत पन्नासेक बायका उभ्या होत्या. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून, मांडीवर फळी ठेवून फॉर्म भरत होते.

"घरी असता, मग हे दूध?"

"त्ये मालकाचं हाय."

"म्हणजे म्हशी मालकांच्या?"

"म्हशी माज्या. रेडकापास्नं मी वाढवल्यात. दूध मालकाचं. डेअरीचं कारड त्यांच्या नावावं हाय न्हवं."

"मालक कुठे असतात?"

"मुंबईला. माथाडीत."

"मग धार कोण काढतं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई शिकली कशी असा तिला प्रश्न पडला असावा. "म्हस काय मुंबईला जाती व्हय, धार द्यायला?"

बायका हसल्या. मला राग आला. मी चोवीस वर्षांची होते, अर्थशास्त्रात एम. ए. पहिल्या वर्गात झाले होते, आणि पहाटेपासून थंडीत कुडकुडत एकच उत्तर ऐकत होते. काय न्हाय, घरीच अस्ते. घरी असता तर इथे धक्क्यावर काय करता, असं विचारावंसं वाटत होतं. पण फॉर्मवर छापलं होतं, 'मुख्य व्यवसाय : उत्तरदात्याने सांगितल्याप्रमाणे'. मी लिहिलं, गृहिणी. पुढच्या रकान्यात उत्पन्न, निरंक. तीन सकाळींत एकसष्ट बायकांचे फॉर्म भरले. त्यांतल्या सत्तावन्न गृहिणी निघाल्या.

कारंबळीचा जुना रस्ता धरणाच्या पाण्याखाली गेला होता. पलीकडच्या काठावर मोरवेळे, तिथे बाजार, दवाखाना, डेअरी. फुगवट्यावरून लाँचने पंचवीस मिनिटं लागत. डोंगराला वळसा घालून जीपने गेलं तर चौतीस किलोमीटर, आणि जीप भरल्याशिवाय निघायची नाही. जिल्हा परिषद लाँच चालवायची आणि दरवर्षी तोटा सोसायची. लाँच ठेवावी की बंद करावी, हे ठरवायला त्यांनी पुण्याच्या आमच्या संस्थेला काम दिलं होतं. कारंबळीचे बहुतेक पुरुष मुंबईला. गावात उरल्या होत्या बायका, म्हातारे आणि म्हशी.

त्या सकाळी लाँचमध्ये चढताना हौसाबाईने विचारलं, "ही लाँच बंद व्हनार म्हंत्यात, खरं का?"

"तेच बघायला आलोय."

"नीट बगा. डेअरीचा काटा आठाला बंद हुतो. जीपनं दूध जायाचं न्हाय. लाँच गेली की म्हशी इकाव्या लागत्याल."

हे मी फॉर्मवर लिहिलं नाही. फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती.

पुण्यात संस्थेतले माझे वरिष्ठ, डॉ. विद्वांस यांनी माझी सारणी बघितली. ते वाईट माणूस नव्हते, हे आज इतक्या वर्षांनी सुद्धा कबूल करते. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांच्या त्या शांतपणाचा मला राग यायचा.

हिशोब सोपा होता. लाँचमुळे माणशी किती वेळ वाचतो तो मोजायचा. त्या वेळात तो माणूस किती कमावू शकला असता ते बघायचं. तेवढा लाँचचा फायदा. मजुराच्या तासाला मजुरीचा दर, शाळेतल्या पोरांना त्याच्या पाव, गृहिणींना शून्य.

"सर, शून्य?"

"उत्पन्न किती सांगितलं त्यांनी?"

"काही नाही."

"मग 'काही नाही'ला तासांनी भागलं की किती येतं?"

"पण त्या दूध घेऊन जातात. मी पाहिलंय."

"दुधाचं उत्पन्न कोणाचं सांगितलं?"

"नवऱ्याचं."

"नवरा लाँचने जातो?"

"नाही सर. तो मुंबईत असतो."

"म्हणजे ज्याला उत्पन्न आहे तो लाँचमध्ये बसत नाही, आणि जी बसते तिला उत्पन्न नाही." त्यांनी चष्मा पुसला. "अष्टेकर, आपण जे पाहिलं ते लिहीत नाही. जे मोजलं ते लिहितो. नाहीतर उद्या प्रत्येक आमदार म्हणेल, मी पाहिलंय."

 खरं सांगायचं तर यावर उत्तर शोधण्याइतकी मी थांबलेच नाही. अहवालावर माझं नाव येणार होतं, पहिल्यांदाच. मी शून्य भरलं. सत्तावन्न वेळा भरलं. एका रुपयाच्या खर्चाला अडतीस पैसे फायदा, असं उत्तर आलं. शिफारस : लाँच बंद करून खाजगी जीपला उत्तेजन द्यावं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा मी होते, आणि माझ्या अंगावर नवी कोरी साडी होती.

ती साडी नेसून मी अहवाल सांगायला कारंबळीला गेले. शाळेच्या ओट्यावर सभा. जिल्हा परिषदेचे एक अधिकारी, डॉ. विद्वांस, मी. समोर बायका, पाठीमागे चार म्हातारे. सरांनी मला बोलायला लावलं. मी शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं, की लाँचवर खर्च होतो तेवढा फायदा लोकांना होत नाही.

हौसाबाई उठली. "फायदा न्हाय म्हंजी? रोज साठ बायका जात्यात."

"जातात. पण वाचलेल्या वेळात काही कमाई होत नाही."

"कुनी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलंत."

"आमी?"

आणि इथे माझा तोल गेला. खोटं बोलणाऱ्या माणसाचं खोटं पकडलं की त्याला येतो तसा संताप मला आला. मी पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढून तिच्यासमोर आपटला. "एकसष्ट बायकांना विचारलं मी. थंडीत तीन दिवस बसून विचारलं. काम काय करता? काही नाही, घरीच असते. काम काय करता? घरीच असते. हा तुमचा फॉर्म, हा तुमचा अंगठा. एकदा तरी म्हणालात, की मी दूध घालते? घरी बसणाऱ्या बाईला लाँच कशाला हवी, असं सरकारने विचारलं तर मी काय सांगू?"

 डॉ. विद्वांस माझ्याकडे बघत होते.  मला वाटलं होतं, ती रडेल किंवा शिव्या देईल. तिने तो फॉर्म उचलला, उलटसुलट बघितला. तिला वाचता येत नव्हतं. मग अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून ती शेजारणीला म्हणाली, "हितं लिवलंय का, की मी घरीच अस्ते?"

शेजारीण चौथीपर्यंत शिकलेली होती. "व्हय."

"सरकारी कागदावं?"

"व्हय."

"मग खोटं कशाला पाडायचं?" हौसाबाई बायकांकडे वळली. "उद्यापास्नं घरीच बसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची लाँच कारंबळीहून रिकामी आली.

मी मोरवेळ्याच्या विश्रामगृहात उतरले होते. सर पुण्याला परत गेले होते, उरलेली कागदपत्रं गोळा करायला मी मागे राहिले होते. व्हरांड्यातून धक्का दिसायचा. लाँचवाला उतरला, दोर बांधला, बिडी पेटवली आणि मला म्हणाला, "म्हातारा मास्तर तेवढा आला. बाया न्हाईत."

डेअरीत काट्यासमोर चेअरमन आनंदराव पिसाळ उभे होते. आठ वाजले, साडेआठ वाजले. शीतकरण केंद्राचा टँकर अर्धा भरला होता. कारंबळीचं दूध म्हणजे डेअरीचं निम्मं दूध, हे मला त्या दिवशी कळलं. फॉर्मवर डेअरीचं नावच नव्हतं. हॉटेलवाल्याने दुपारी कोरा चहा दिला. बाजारात अंडी नव्हती, भाजी नव्हती, मोलमजुरीला येणाऱ्या सहा बायका रोपांच्या नर्सरीत पोचल्या नव्हत्या, आणि त्यांच्यातल्या एकीने भाजलेल्या भाकऱ्या खाऊन दवाखान्याचा कंपाउंडर दिवस काढायचा तो उपाशी होता.

मला हर्ष झाला. शब्द चुकीचा नाही, हर्षच. दोन वर्षं वर्गात शिकले होते, की एखाद्या गोष्टीची किंमत कळायची असेल तर ती काढून घेऊन बघावी. कोणत्याही सरकारने पैसे देऊन करू दिला नसता असा प्रयोग माझ्या डोळ्यांसमोर होत होता. डॉ. विद्वांसांच्या शून्यावर मी बोळा फिरवणार होते. मी वही काढली आणि मोरवेळ्यात दारोदार फिरले. आज काय आलं नाही? रोज किती येतं? किती रुपयांचं?

दुसऱ्या दिवशी चेअरमननी मला बोलावून घेतलं. पंखा लावला, पेढे मागवले.

"बाई, तुमच्या अहवालानं आमची डेअरी बुडायची येळ आली. टँकरवाला अर्ध्या दुधासाठी यायला तयार नाही."

"अहवाल बदलता येईल. पण आकडे लागतील. कारंबळीहून रोज दूध कोण घालतं, किती घालतं."

"एवढंच ना?" त्यांनी लाल कापडात बांधलेलं रजिस्टर पुढे सरकवलं. "समदं यात आहे. नाव, कार्ड नंबर, लिटर. घ्या उतरून."

इतकं स्वच्छ रजिस्टर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अठ्ठावन्न नावं, वळणदार अक्षरात. दोन दिवस मी पंख्याखाली बसून ती यादी उतरवली. खिडकीतून लाँच दिसायची. साडेसातला रिकामी यायची, साडेआठला रिकामी जायची. मी मान वर करून बघायची आणि पुन्हा लिहायला लागायची. डॉ. विद्वांसांच्या टेबलावर हे कागद टाकताना काय काय बोलायचं, ते मी मनात घोळवत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चेअरमननी जिल्ह्याला फोन केला. लाँच चालू राहील असा निरोप कारंबळीला गेला, आणि चौथ्या दिवशी दूध आलं.

नवा आकडा आला एक रुपयाला एक रुपया ब्याण्णव पैसे. डॉ. विद्वांसांनी तो तीनदा तपासला. "आता मोजलंत," एवढंच म्हणाले. मी घोळवलेलं सगळं मनातच राहिलं, कारण ते चिडलेच नाहीत.

मग मी आणखी हुशारी केली. लाँचचा तोटा कसा भरून काढायचा, हा प्रश्न होता. मी सुचवलं, की सरसकट स्वस्त भाडं कशाला? ज्याला लाँचची खरी गरज त्याला फुकट पास द्या, हौशी-गवशांकडून पाच रुपये घ्या. गरज कोणाला? दूध घालणाऱ्याला. तो कसा ओळखायचा? डेअरीच्या कार्डावरून. यादी तयारच होती. ती मी माझ्या हाताने सुवाच्य लिहून अहवालाला जोडली. परिशिष्ट ब. सर म्हणाले, "सुंदर." जिल्हा परिषदेने शिफारस जशीच्या तशी मान्य केली. अहवालावर माझं नाव पहिलं होतं.

नऊ महिन्यांनी मी स्वतःच्या पैशाने एसटीने मोरवेळ्याला गेले आणि सकाळच्या पहिल्या लाँचने पलीकडे निघाले. कोणी बोलावलं नव्हतं. मला माझी लाँच बघायची होती.

कारंबळीच्या धक्क्यावर हौसाबाई उभी होती. डोक्यावर कॅन. हात मोकळा. मला बघून तिने ओळख दाखवली, पण हसली नाही.

नवा तिकीटवाला आला होता, जिल्ह्याहून नेमलेला, खाकी शर्टातला. त्याने हात पुढे केला. हौसाबाईने कमरेच्या पिशवीतून पाच रुपये आणि वर कॅनचे दोन काढून दिले.

"अहो, तुम्हाला पास आहे ना?" मी म्हणाले. "दूधवाल्यांना फुकट आहे."

"हाय की." तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला पास काढला आणि माझ्या हातात दिला.

पासवर मिशीवाल्या माणसाचा फोटो होता. खाली नाव, कोंडिबा रामजी सकपाळ. व्यवसाय, दूध उत्पादक.

"मुंबईस्नं फोटू मागवून घेतला," ती म्हणाली. "दिवाळीला आलं तवा येकदा बसलं फुकाट."

माझ्या अंगाची आग झाली. मी तिकीटवाल्यावर धावूनच गेले. "डोळे आहेत का तुम्हाला? रोज ही बाई दूध घेऊन जाते. हिच्याकडून पाच रुपये घेता?"

"मॅडम, पास ज्याच्या नावावर त्यालाच. बाई म्हणते पास नवऱ्याचा. नाव विचारलं तर घेत नाही. मी काय करू?"

"ती नवऱ्याचं नाव घेणार नाही, एवढं कळत नाही तुम्हाला?"

"कळतं की. पण माझ्यावर तपासणी असते." तो काही वाईट बोलला नाही. त्याने शांतपणे पेटीतून जाड कागदांचा एक गठ्ठा काढला, मळलेला, कोपऱ्याला दोरा बांधलेला. "हे वरून आलंय. यात जे नाव तेच धरायचं. यात एक बाई नाही. असेल तर दाखवा, मी आत्ता पैसे परत देतो."

परिशिष्ट ब. झेरॉक्स होती, पण अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. अठ्ठावन्न नावं. कोंडिबा, सखाराम, बाळू, मारुती. मी सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. का वाचली माहीत नाही, पाठच होती.

हौसाबाई माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत होती. "ही यादी कुनी केली म्हनायची?"

खोटं बोलता आलं असतं. ती वाचू शकत नव्हती. "मी केली," मी म्हणाले.

 लाँचवाल्याने भोंगा दिला. बायका चढायला लागल्या. एकेक जण पाच रुपये देत होती, कॅनचे वर दोन रुपये. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"दुसरी कॅन कुठे आहे?" मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

"इकली म्हस. पाडव्याला. भाडं जाऊन काय ऱ्हायना." तिने चुंबळ सारखी केली. "धाकटी इकली. थोरली हाय अजून."

"हौसाबाई, मला रजिस्टर दिलं चेअरमननी. त्यात हीच नावं होती. मला घाई होती, लाँच वाचवायची होती. सरांना दाखवून द्यायचं होतं. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तेव्हा तुम्ही सगळ्या घरी बसला होतात आणि मी पलीकडे..."

मी बोलत राहिले. ते ऐकताना तिचा चेहरा पहिल्यांदा कडक झाला. सभेत मी तिच्या अंगावर कागद आपटले तेव्हा सुद्धा तो इतका कडक झाला नव्हता.

"आमी तीन दिस घरी बसलो," ती म्हणाली. "समद्या. दूध नासलं, गटारात वतलं. पोरांस्नी किती प्यायला देनार? तवा वाटलं, ती बाई येईल. चिडकी हाय पन येईल. इचारंल आता, का बसला, काय काय करत व्हता. मी दाराशी बसून व्हते."

"मला यायला..."

"लाँच तर रोज येत व्हती, बाई." तिने फळीवर पाय ठेवला. "मोकळीच व्हती."

ती चढली. तिकीटवाल्याने माझ्यापुढे हात केला. मी पाच रुपये दिले आणि तिच्यापासून लांब, मागच्या बाकावर जाऊन बसले.